सारखेपणाची साक्ष

तिरुवैयारु म्हटले की आधी त्यागराज आठवतात. तंजावूरपासून सुमारे 13 किलोमीटरवर, कावेरीच्या काठी, जिथे त्यांनी 1847 मध्ये देह ठेवला तिथे दर वर्षी पौष वद्य पंचमीला गाणारे जमतात. पण या गावाचे गाण्यातले नाव त्यांच्याहून हजारांवर वर्षे जुने आहे. सातव्या शतकात शैव संतकवी संबंदर यांनी इथल्या पंचनदीश्वरावर पदे रचली. त्यांतले एक पद आजही तमिळ घरांत पाठ असते. त्याच्या पूर्वार्धात माणसाची अखेरची घटका आहे: इंद्रिये बावरतात, वाट कळेनाशी होते, कफ दाटतो, आणि त्या वेळी अभय देणारा देव इथे राहतो. उत्तरार्धात देवळाच्या आवारातली माकडे येतात. प्रदक्षिणा घालणाऱ्या स्त्रियांच्या नाचासाठी वाद्य घुमू लागते, माकडिणींना तो ढगांचा गडगडाट वाटतो, आणि त्या घाबरून झाडावर चढतात व आभाळ न्याहाळू लागतात.

हे वर्णन गोड म्हणून सांगितले जाते. मला त्यातली वेगळीच गोष्ट खुपते. मरणाऱ्या माणसाच्या कासाविशीसाठी कवीने जो तमिळ धातू वापरला आहे, तोच त्याने माकडिणींसाठी वापरला आहे. देव ज्या भयातून माणसाला सोडवतो, त्या भयाचा धातू आणि माकडिणींच्या भयाचा धातूही एकच. फरक इतकाच, की माणसाला अभय मिळते. माकडिणीला ते कोणी दिलेले नाही. ती स्वतःच वर चढून पाहते. तेराशे वर्षांपूर्वीच्या कवीला माणसाचे भय आणि माकडाचे भय यांसाठी दोन शब्द लागले नाहीत. आपल्याला लागतात का, हा या लेखाचा प्रश्न आहे, आणि तो मला स्वादुपिंडाच्या वाटेने विचारायचा आहे.

स्वादुपिंड हे जठराच्या मागे आडवे पडलेले इंद्रिय. त्याचा बहुतेक भाग पाचक रस तयार करतो. 1869 मध्ये बर्लिनमधल्या पाऊल लँगरहॅन्स या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने सशाचे स्वादुपिंड सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना त्यात निराळ्या पेशींचे लहान लहान पुंजके पाहिले. ते कशासाठी आहेत हे आपल्याला ठाऊक नाही, असे त्याने प्रांजळपणे लिहून ठेवले. ते कळण्याआधीच, 1888 मध्ये, तो वारला. पुढे या पुंजक्यांना ‘लँगरहॅन्सची बेटे’ हे नाव मिळाले. माणसाच्या स्वादुपिंडात अशी सुमारे दहा लाख बेटे असतात आणि सगळी मिळून त्या इंद्रियाच्या वजनाचा शेकडा एक-दोन भागच भरतो. तरी त्यांतल्या बीटा पेशी इन्सुलिन सोडतात आणि रक्तातली साखर उतरते. अल्फा पेशी ग्लुकॅगॉन सोडतात आणि ती चढते. डेल्टा पेशींचे सोमॅटोस्टॅटिन दोघींना आवर घालते. आपले रोजचे जेवण आणि रोजची उपासमार या बेटांच्या हिशेबावर चालते.

आता माकडाकडे येऊ. उंदराच्या बेटात बीटा पेशी मध्यभागी दाटीने असतात आणि अल्फा पेशी कडेला कोंदणासारख्या. माणसाच्या बेटात असा गाभा आणि काठ नसतो. निरनिराळ्या पेशी एकमेकींत मिसळून, शेजाराशेजाराने राहतात. 2006 मध्ये माणूस, माकड, डुक्कर आणि उंदीर यांची बेटे शेजारी ठेवून केलेली तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हा माकडाच्या बेटाची रचना माणसाच्या बाजूची निघाली. शेजार बदलला की पेशींचे आपापसातले बोलणेही बदलते, म्हणून उंदरावर उमगलेले पुष्कळसे माणसाला तसेच्या तसे लागू होत नाही.

याहून बोलकी गोष्ट इन्सुलिनची. हे 51 अमिनो आम्लांचे लहानसे प्रथिन आहे. गाईचे इन्सुलिन माणसाच्या इन्सुलिनहून तीन ठिकाणी वेगळे आहे, डुकराचे एका ठिकाणी. मकाक कुळातल्या माकडांचे एकाही ठिकाणी वेगळे नाही. त्या 51 अक्षरांच्या शब्दात त्यांच्या आणि आपल्या लेखनात काना-मात्रेचाही फरक नाही. पिंजऱ्यात राहून खात सुटलेल्या माकडांना वयाबरोबर मधुमेहही होतो, आणि मधुमेही माणसाच्या बेटांत साचते तसेच अमिलॉइड त्यांच्याही बेटांत साचते. उंदरात ते आपसूक साचत नाही.

माझी मामी तिरुवैयारुलाच राहते. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. तिला मधुमेह आहे, मलाही आहे आणि आम्ही दोघेही इन्सुलिन घेतो. हे सगळे मी तिला एकदा समजावून सांगत होतो. प्रयोगशाळेतल्या माकडांपर्यंत आलो तेव्हा तिने मध्येच विचारले, “काय रे, ती आपल्यासारखी नाहीत म्हणून त्यांच्यावर करतात, की आपल्यासारखी आहेत म्हणून?”

या प्रश्नाचे टाळता न येणारे उत्तर ‘दोन्ही’ असे आहे, आणि पेच तिथेच आहे. प्रयोगाचे शास्त्रीय समर्थन असे, की माकड आपल्यासारखे आहे, म्हणून त्याच्यावर मिळालेले उत्तर आपल्याला उपयोगी पडेल. नैतिक समर्थन असे, की माकड आपल्यासारखे नाही, म्हणून जे माणसावर करता येत नाही ते त्याच्यावर करता येते. पहिले वाक्य जितके खरे ठरावे तितके दुसरे लंगडे होत जाते. सारखेपणा हा आपण बोलावलेला साक्षीदार आहे. तो आपल्या बाजूने साक्ष देतो, आणि उलटतपासणीत तोच साक्षीदार आपल्याविरुद्ध बोलतो.

यावर एक जुने उत्तर आहे. सारखेपणा शरीराचा, फरक मनाचा. बेट सारखे असले म्हणून भय सारखे ठरत नाही. हे उत्तर विचारात घेण्याजोगे आहे, कारण पेशींच्या सारखेपणावरून अनुभवाचा सारखेपणा सिद्ध होत नाही हे तर्काला धरूनच आहे. पण बेटांच्या बाबतीत हे उत्तर एका साध्या वस्तुस्थितीवर अडखळते. भय बेटांपर्यंत पोचते. प्राणी घाबरला की मज्जातंतू आणि ॲड्रिनलिन मिळून बीटा पेशींचा हात आखडायला लावतात आणि अल्फा पेशींना चेतवतात. यकृतातली साखर रक्तात उतरते, कारण पळायला किंवा झाडावर चढायला ती लागणार असते. संबंदरांच्या माकडिणी आभाळ न्याहाळत होत्या तेव्हा त्यांच्या बेटांत हेच चालले असणार. दवाखान्याच्या बाकावर अहवालाची वाट पाहणाऱ्या माझ्या मामीच्या शरीरातही हीच यंत्रणा काम करते, फक्त तिच्या बीटा पेशी आता थकलेल्या आहेत.

म्हणूनच धरून-बांधून रक्त काढलेल्या माकडाच्या साखरेचा आकडा भरवशाचा नसतो. हे संशोधकांनाही माहीत आहे. चांगल्या प्रयोगशाळांत माकडांना खाऊ देऊन आपण होऊन हात पुढे करायला शिकवतात, ते काही अंशी दयेपोटी आणि काही अंशी आकडा खरा यावा म्हणून. म्हणजे ज्या भयाला नीतीच्या चर्चेत ‘सिद्ध झालेले नाही’ असे म्हणून बाजूला सारायचे, तेच भय मोजमापाच्या वहीत चूक म्हणून उमटते. वहीत ज्याची दखल घ्यावी लागते त्याचे अस्तित्व वहीबाहेर नाकारणे मला तरी प्रामाणिक वाटत नाही.

इथे वाचक म्हणेल, मग सारखेपणामुळेच माकडाला न्याय द्यायचा का? आणि उंदराचे काय? हा आक्षेप योग्य आहे. आपल्याकडे एकनाथांची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. काशीहून आणलेली गंगेची कावड रामेश्वराला, म्हणजे याच तमिळ मुलखात, नेऊन ओतायची होती. वाटेत वाळवंटात तहानेने तडफडणारे गाढव दिसले आणि नाथांनी ते पाणी त्याच्या तोंडात घातले. गाढव आपल्यासारखे आहे का, याचा विचार करायला ते थांबले नाहीत. त्यांना तहान दिसली तेवढे पुरले. कर्तव्य सारखेपणातून जन्मत नाही, ते दुसऱ्याच्या वेदनेतून जन्मते. सारखेपणाचे काम वेगळे आहे: तो अज्ञानाची सबब काढून घेतो. बेडकाला काय वाटते हे मला कळत नाही, असे मी म्हणू शकेन. माकडाबद्दल तसे म्हणायला मला जागा उरत नाही, कारण त्याच्या शरीराला आपले शरीर समजूनच तर मी प्रयोग मांडला आहे.

भारतीय कायद्याने हा प्रश्न शिडीसारखा मांडला आहे. 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात असे तत्त्व आहे, की गिनीपिग, ससे, बेडूक, उंदीर अशा लहान प्राण्यांवर तेच उत्तर मिळत असेल तर मोठ्या प्राण्यांवर प्रयोग टाळावा. त्याच्या आदल्याच वर्षी, 1959 मध्ये, रसेल आणि बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन सूत्रे सांगितली: प्राण्याऐवजी दुसरे काही वापरा, कमी प्राणी वापरा, त्रास कमी करा. ही शिडी चांगलीच आहे. पण बेटांच्या बाबतीत ती आपल्याला वरच ढकलते. उंदराचे बेट वेगळे निघाले की पायरी चढा, डुकराचे पुरेसे जवळ नसेल तर आणखी चढा. माकडापाशी येऊन आपण थांबतो. प्रश्न असा, की का थांबतो? आणखी एक पायरी वर माणूस उभा आहे, आणि माणसाच्या बेटाशी सर्वांत जास्त सारखे असलेले बेट माणसाचेच आहे.

हे उपरोधाने लिहिलेले नाही. तंजावूरच्या मराठी राज्यातच या पायरीचा एक दाखला आहे. दुसरे सरफोजी (राज्यकाळ 1798 ते 1832) यांनी धन्वंतरी महाल उभारला. तिथे औषधे तयार होत, रुग्णांना दिली जात, आणि गुण आलेले उपाय ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने तमिळ पद्यांत उतरवले गेले. त्यांतला मधुमेहावरचा भाग पुढे छापलाही गेला. सरफोजींच्या काळातल्या नेत्ररुग्णांच्या नोंदीही तंजावुरात सापडतात. त्या उपचारांची आजच्या शास्त्राने काय किंमत करावी हा वेगळा विषय. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की औषध ज्याच्यासाठी होते त्याच्यावरच ते अजमावले गेले आणि त्याची नोंद ठेवली गेली. राजाच्या वैद्याला नकार देणे त्या रुग्णाला कितपत शक्य होते, हा प्रश्न उरतोच. म्हणूनच संमती ही आधुनिक काळाने घातलेली मोलाची भर आहे. पण तिचा एक विचित्र परिणाम झाला. जो नाही म्हणू शकतो त्याच्यापासून आपण दूर झालो आणि ज्याला नाही म्हणताच येत नाही त्याच्याकडे वळलो. माकडाची संमती मिळत नाही, ती नाकारलीही जात नाही; कागदावर ती जागाच नाही.

भारताने हा व्यवहार जवळून पाहिला आहे. पोलिओच्या लशीसाठी लाल तोंडाच्या माकडांची मूत्रपिंडे लागत आणि ती माकडे मुख्यतः आपल्या उत्तर हिंदुस्थानातून जात. जानेवारी 1955 मध्ये इथून निघालेली जवळजवळ चारशे माकडे लंडनच्या विमानतळावर गुदमरून मेली. त्या वर्षी निर्यात काही काळ थांबली, आणि पुन्हा सुरू झाली ती वैद्यकीय संशोधन व लस यांपुरतीच, अशा अटीवर. ती अट मोडून लष्करी किरणोत्साराच्या प्रयोगांत ही माकडे वापरली गेल्याचे उघड झाले, तेव्हा मोरारजी देसाईंच्या सरकारने 1978 पासून निर्यात कायमची बंद केली. या इतिहासाला दोन बाजू आहेत आणि दोन्ही मोजायला हव्यात. त्या लशीने असंख्य मुलांचे पाय वाचवले. आणि ज्या देशात मारुतीपुढे नारळ फुटतो त्याच देशात माकडे पेट्यांत भरली गेली. पूज्य मानणे आणि वाचवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

मधुमेहाचा इतिहासही दोन्ही बाजूंचा आहे. 1921 मध्ये टोरोंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांची स्वादुपिंडे काढली, म्हणून जानेवारी 1922 मध्ये चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला इन्सुलिन मिळाले. त्या कुत्र्यांचे ऋण माझ्या प्रत्येक सुईवर आहे. ते नाकारून मी शुद्ध राहू शकत नाही. पण त्याच इतिहासात पुढे आणखी एक वळण आहे. साठ वर्षे इन्सुलिन कत्तलखान्यातल्या गाई-डुकरांच्या स्वादुपिंडांतून काढले जात होते. 1982 मध्ये जिवाणूंकडून बनवून घेतलेले मानवी इन्सुलिन औषध म्हणून मान्य झाले आणि हळूहळू त्या स्वादुपिंडांची गरज संपली. प्राण्याविना भागणारच नाही असे जे साठ वर्षे खरे होते, ते एका पिढीत खोटे झाले. ‘पर्याय नाही’ हे वाक्य नेहमी तारीख घालून वाचावे.

मग आज काय करावे? माकडांवरचे सगळे प्रयोग उद्यापासून बंद करा, असे मी म्हणत नाही. पहिल्या प्रकारचा मधुमेह झालेल्या मुलाची बीटा पेशी त्याच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने मारलेली असते. त्याला बाहेरून बेटे दिली तर शरीर ती नाकारील का, हे ताटलीतल्या पेशींवरून कळत नाही; त्यासाठी अख्खे जिवंत शरीर लागते. डुकराची बेटे माकडांत महिनोन्‌महिने तगल्याचे 2006 मध्ये दिसले, त्यातून त्या मुलासाठी आशा निर्माण झाली. त्याच्या आईसमोर उभे राहून ‘माकड की तुझा मुलगा’ या प्रश्नाचे सोपे उत्तर मला देता येणार नाही, आणि ज्याला ते सहज देता येते त्याच्यावर माझा विश्वास बसणार नाही.

पण सगळे प्रयोग त्या मुलाच्या नावावर खपवता येत नाहीत. अमेरिकेत विस्कॉन्सिन इथे 1989 पासून काही माकडांना 30 टक्के कमी उष्मांक दिले गेले. 2009 च्या अहवालात दिसले, की कमी खाणाऱ्या माकडांपैकी एकालाही मधुमेह झाला नाही. पोटभर खाणाऱ्यांत तो होता. वार्धक्याच्या अभ्यासात या प्रयोगाची किंमत असेल, ती मी नाकारत नाही. पण मधुमेहापुरते पाहिले तर चार घास कमी खावेत हे माणसाला सांगण्यासाठी एका जिवाने आयुष्यभर पिंजऱ्यात राहावे काय? आणि ते कळल्यावर आपण केले काय? 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे भारतात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. यात गरिबीचा, कामाच्या पद्धतीचा, आनुवंशिकतेचा भाग मोठा आहे, रुग्णाला दोष देण्यात अर्थ नाही. तरीही मिळालेले ज्ञान न वापरणे ही, ते ज्याच्या देहातून मिळवले त्याची दुसरी फसवणूक आहे.

म्हणून मला वाटते, सारखेपणाचा आधार घेणाऱ्याने तीन बंधने पाळावीत. पहिले, माकडाचे बेट मागण्याआधी माणसाचे मागून झाले पाहिजे. मेलेल्या देहात स्वादुपिंड स्वतःच्याच पाचक रसांनी फार लवकर विरघळू लागते, म्हणून स्मशानात पोचलेल्याचा उपयोग नाही; पण मेंदूमृत्यू झालेल्या रुग्णाच्या नातेवाइकांनी संमती दिली तर प्रत्यारोपणाला न चाललेले स्वादुपिंडही संशोधनाला उपयोगी पडते. असे अवयवदान हे दया म्हणून सांगितले जाते. माकडाच्या बाजूने पाहिले तर ते थकलेल्या देण्याची परतफेड आहे. दुसरे, भय हे प्रयोगाच्या खर्चात धरले पाहिजे, केवळ आकड्यातली चूक म्हणून नव्हे. तिसरे, फसलेला प्रयोगही प्रसिद्ध झाला पाहिजे, म्हणजे त्याच प्रश्नासाठी दुसऱ्या माकडाला पुन्हा पिंजऱ्यात जावे लागणार नाही. मार्च 2023 मध्ये भारताने औषधांच्या चाचणीसाठी प्राण्यांखेरीज इतर पद्धतींनाही नियमांत जागा दिली. दार उघडे आहे; त्यातून जायचे की नाही हे पैसा आणि इच्छा ठरवतील.

हे सगळे मामीला सांगितल्यावर तिने काही निष्कर्ष काढला नाही. तिने फक्त विचारले, की तो कागद, स्वादुपिंड देण्याचा, तो मधुमेही माणसाला भरता येतो का? मधुमेह्याचे स्वादुपिंड दुसऱ्याला बसवत नाहीत. पण बिघडलेले बेट कसे बिघडते हे शिकायला मधुमेही माणसाचेच बेट सर्वांत चांगले, हे तिला सांगताना मला जाणवले, की या एका बाबतीत कोणत्याही माकडापेक्षा आम्ही दोघे विज्ञानाच्या जास्त उपयोगाचे आहोत.